पाण्यावर उडणाऱ्या रॉकेटचा संच : बाण उत्तम, बैठक कच्ची

पुतणीच्या आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दिवाळीनंतर मी पाण्यावर उडणाऱ्या रॉकेटचा एक संच ऑनलाइन मागवला. यात बाटलीत थोडे पाणी घालून पंपाने हवा भरतात; बाटली सोडली की दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि रॉकेट वर जाते. किंमत 2,340 रुपये पडली आणि कुरिअरवाला खेड्यापर्यंत येत नसल्यामुळे खोके दारव्ह्याहून आणावे लागले. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरात आम्ही महिनाभरात 23 उड्डाणे केली, त्यामुळे पुढचे मत पहिल्या दिवसाच्या उत्साहातले नाही.

खोक्यावरच्या चित्रात रॉकेटच्या बुडातून ज्वाळा निघताना दाखवली आहे. आत दारूचा कणही नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट लिहायला हवे होते. मात्र तो नाही हेच बरे. परदेशात हा छंद मुख्यतः काळ्या दारूच्या तयार मोटरींवर चालतो. मोटरीवर ‘सी6-5’ असे छापलेले असेल, तर ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (सरासरी जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ) 5 ते 10 न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान, 6 म्हणजे सरासरी जोर 6 न्यूटन आणि 5 म्हणजे जोर संपल्यानंतर 5 सेकंदांनी पॅरशूट बाहेर ढकलणारा लहानसा बार. आपल्याकडे काळी दारू 1884 च्या स्फोटक कायद्याखाली येते. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण म्हणून फटाके फोडून त्यांतली दारू नळीत ठासण्याचा उद्योग कोणी करू नये. हवा आणि पाणी यांवर भागत असताना बोटे गमावण्याचे कारण नाही.

संचातील रॉकेटचा भाग मात्र खरोखर विचारपूर्वक केलेला आहे. शीतपेयाची दोन लिटरची बाटली आपली वापरायची. तिला चिकटवायचे तीन पंख, मऊ फोमची टोपी, पॅरशूट आणि दोरा एवढे सामान खोक्यात मिळते. पंख अंगाने जाड व कडांना निमुळते आहेत आणि बाटलीच्या गोलाईवर नेमके बसतात. रॉकेट सरळ जायचे तर त्याचा गुरुत्वमध्य (रॉकेट बोटावर जिथे तोलले जाते ती जागा) वाऱ्याच्या दाबाच्या मध्यापेक्षा किमान एका व्यासाएवढा पुढे, म्हणजे टोपीच्या बाजूला, असावा लागतो. पुस्तिकेत यासाठी सांगितलेली युक्ती मला फार आवडली : रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि तो पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोलायचा; जिथे तो तोलला जाईल, तो दाबाचा मध्य धरायचा. आमच्या रॉकेटचे दोन्ही मध्य जवळजवळ एकाच जागी आले, म्हणून टोपीत 40 ग्रॅम खेळायची क्ले भरली आणि मग रॉकेट दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवून पाहिले. तोंड पुढेच राहिले. पुस्तिका केवळ इंग्रजीत असल्याने पुतणीला हा भाग मला वाचून सांगावा लागला. पुठ्ठा मात्र तिने स्वतः कापला.

खरी तक्रार जमिनीवरच्या भागाविषयी आहे. प्रक्षेपकाची, म्हणजे रॉकेट धरून सोडणाऱ्या भागाची, बैठक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी जमिनीत रोवायची असते. लुसलुशीत हिरवळीवर त्या खुंट्या बसत असतीलही; आमच्या काळ्या मातीत डिसेंबरात दोन मोडल्या आणि उरलेल्या दोन भेगेत सैल पडल्या. शेवटी बैठक जुन्या पाटावर स्क्रूने आवळली आणि पाटावर दगड ठेवले. हवेची नळी अवघी दोन मीटरची आहे, ही तर चूकच म्हटली पाहिजे. 60 पीएसआय (दर चौरस इंचाला 60 पौंड) दाब आणि बाटलीच्या तोंडाचा सुमारे 22 मिलिमीटर व्यास धरला, तर सुटण्याच्या क्षणी मिळणारा जोर जवळपास 30 किलो वजनाएवढा असतो, आणि पंप मारणारा माणूस त्याच्यापासून दोन पावलांवर बसलेला असतो. मी नळी सहा मीटरची करून घेतली. तिसऱ्या दिवशी बाटलीच्या तोंडाशी हवा गळू लागली. आतली रबरी रिंग चिरली होती. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याने डब्यातून त्याच मापाची रिंग काढून दिली, दहा रुपयांत, आणि ती शेवटच्या उड्डाणापर्यंत टिकली. झडप मोटारसायकलच्या ट्यूबवरच्या झडपेसारखी असल्यामुळे साध्या सायकलच्या पंपाचे तोंड तिला बसत नाही. संचातला पंप दमवतो, पंक्चरवाल्याकडचा उभा पंप उत्तम.

उंची मोजण्यासाठी पुतणी 30 मीटरवर कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभी राहायची. बाटलीत एक तृतीयांश पाणी आणि 60 पीएसआय दाब असताना तिला सर्वाधिक 50 अंशांचा कोन मिळाला, म्हणजे तिच्या डोळ्याची उंची धरून साधारण 37 मीटर. पाणी अर्ध्यावर नेले की कोन दर वेळी कमी भरला. संचातला दाबमापक विश्वासू निघाला. पंक्चरवाल्याच्या मापकाशी ताडून पाहिला, फरक दोन पीएसआयपेक्षा जास्त आढळला नाही.

पॅरशूटचे मात्र काही खरे नाही. शिखरावर पोचल्यावर टोपी आपोआप गळून पडेल आणि पॅरशूट उघडेल, असा त्यामागचा हिशेब आहे. पहिल्या 11 उड्डाणांत तो तीनदा जमला. उन्हात घडी चिकटते असे लक्षात आल्यावर पॅरशूटला टाल्कम पावडर लावून सैल घडी घातली, तेव्हा पुढच्या 12 पैकी आठ वेळा ते उघडले. न उघडलेले रॉकेट शेजारच्या पऱ्हाटीत उतरले आणि बाटलीला काडीचा खोल ओरखडा पडला. अशी बाटली पुन्हा दाबाखाली वापरू नये.

मोकळे वावर, हाताशी एखादा पंप-मिस्त्री आणि जोडकाम करण्याची हौस असेल, तर संच पैशाला वावगा नाही. खोके उघडून तासाभरात उडवायची अपेक्षा असेल, तर घेऊ नये. बैठक आणि नळी बाजूला ठेवून फक्त पंख, टोपी, पॅरशूट आणि दाबमापक निम्म्या किमतीत मिळाले असते, तर मी तेच घेतले असते. विक्रेता सुटे भाग देत नाही. दोनदा विचारले, उत्तर आले नाही. आमची टोपी तेविसाव्या उड्डाणात तुरीत पडली आहे, आणि तूर सवंगल्याशिवाय ती सापडायची नाही.