हार्ड टाइम्स की सिव्हिल वॉर? अमेरिकी खासगी टोकने जमवताना

अमेरिकेतली जुनी खासगी टोकने, म्हणजे सरकारने नव्हे तर खासगी लोकांनी काढलेल्या नाण्यांसारख्या चकत्या, जमवू पाहणाऱ्याला सुरुवातीला हार्ड टाइम्स आणि सिव्हिल वॉर या दोन गटांतून निवड करावी लागते. कनेक्टिकटच्या हिग्लेची 1737 पासूनची तांब्याची टोकने यांच्याही आधीची, पण दुर्मीळ आणि फार महाग.

दोन्ही गटांच्या मुळाशी सुट्या पैशांची टंचाई आहे. 1837 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांवर सोने-चांदी देणे थांबवले आणि नाणी घराघरांत दडली. 1862 मध्ये यादवी युद्धात (सिव्हिल वॉर) पुन्हा तेच झाले.

हार्ड टाइम्स टोकने साधारण 1833 ते 1844 ची. आकार तेव्हाच्या मोठ्या एक सेंट नाण्याएवढा, सुमारे 28 मिमी, त्यामुळे चित्र नीट दिसते. आणि चित्रे काय आहेत! एका टोकनावर अध्यक्ष जॅक्सन हातात तलवार आणि पैशांची थैली घेऊन तिजोरीतून वर आलेला, मागच्या बाजूला गाढव. दुसऱ्यावर सिनेटर वेबस्टरचे जहाज भरल्या शिडांनी निघालेले, तर मागच्या बाजूला जॅक्सननंतरचा अध्यक्ष व्हॅन ब्युरेन याचे जहाज खडकावर आपटलेले. 1838 चे एक टोकन साखळदंडातल्या गुलाम स्त्रीचे आहे. माझ्या मते या साऱ्यांत तेच सर्वांत मोलाचे. राजकीय प्रकार मोजके आहेत, म्हणून संग्रहाला शेवट दिसतो.

सिव्हिल वॉर टोकने लहान, सुमारे 19 मिमी. प्रकार हजारोंनी, कारण देशभक्तिपर टोकनांबरोबर दुकानदारांनी आपापल्या नावाची काढली. एकट्या सिनसिनाटीतच खाटिक, किराणावाले, दारूविक्रेते असे कितीतरी. 1864 च्या कायद्याने हे सारे बंद झाले. हा संग्रह कधीच पुरा होत नाही, पण एक शहर किंवा एक व्यवसाय धरला तर तो फार आनंदाचा. थोडक्या पैशांत चांगल्या स्थितीतली टोकनेही इथेच जास्त मिळतात.

मी नवख्याला सिव्हिल वॉरच सुचवीन, कारण हाताळून नजर तयार व्हायला भरपूर टोकने लागतात. राजकारण आणि व्यंगचित्रांची ओढ असेल, तर मात्र थेट हार्ड टाइम्स घ्या.

सिव्हिल वॉरमध्ये किंमत ठशांची जोडी (दोन बाजू छापणारे दोन साचे) आणि धातू यांवर ठरते. सारखीच दिसणारी दोन टोकने, एक सामान्य आणि एक अतिदुर्मीळ असू शकतात, म्हणून फुल्ड यांच्या सूचीतला क्रमांक जुळवल्याशिवाय ‘दुर्मीळ’ म्हणून पैसे मोजू नका. हार्ड टाइम्ससाठी लो यांच्या सूचीतला क्रमांक पाहा. घासून चकाकवलेले किंवा भोक पाडलेले टोकन दोन्हींत मूल्य गमावते.