मशीनचा डेटा ठेवायचा कुठे: आपल्या सर्व्हरवर की क्लाउडवर?

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात तीस-चाळीस सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीन) असलेल्या कारखान्यात डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, की पहिला वाद सर्व्हरवरून होतो. आधी हिशोब मांडा.

पीएलसीतले (मशीन चालवणाऱ्या नियंत्रकातले) 100 टॅग, म्हणजे वेग-तापमानासारखी मूल्यं, दर सेकंदाला वाचले आणि नोंदीला 16 बाइट धरले, तर दिवसाचे साधारण 138 एमबी होतात. साध्या ब्रॉडबँडवरून ते सहज जातात. पण स्पिंडलच्या (मशीनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवर कंपनाचा सेन्सर बसवला आणि सेकंदाला 25,600 नमुने 2 बाइटने घेतले, तर एकाच अक्षाचे, म्हणजे एका दिशेच्या कंपनाचे, दिवसाला 4.4 जीबी होतात. दहा स्पिंडलचे 44. हा कच्चा माल क्लाउडवर चढवू नका. मशीनजवळच्या औद्योगिक पीसीवर त्याचं विश्लेषण करून फक्त निकाल वर पाठवा.

क्लाउडला सुरुवातीचा खर्च कमी, आणि दोन प्लँट एकाच स्क्रीनवर दिसतात. डेटा भारतातच ठेवण्याची ग्राहकाची अट असेल, तर मायक्रोसॉफ्टची केंद्रं 2015 पासून पुण्यात आणि ॲमेझॉनची 2016 पासून मुंबईत आहेत. भाडं मात्र दरमहा चालू राहतं, आणि मशीन वाढली की तेही वाढतं. नेट गेल्यावर गेटवे (मशीनचा डेटा क्लाउडकडे पाठवणारं उपकरण) किती तासांच्या नोंदी धरून ठेवतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

स्वतःचा सर्व्हर नेटवाचून चालतो. पण त्याचा यूपीएस, बॅकअप आणि अपडेट कोण बघणार? ‘सर्व्हर आत आहे म्हणजे सुरक्षित’ हे मला अजिबात पटत नाही. 2017 मध्ये नॉटपेट्या हा घातक सॉफ्टवेअरचा हल्ला मर्स्क या जहाज कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमधूनच पसरला आणि न्हावा शेवाच्या टर्मिनलचं काम अडलं. मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं करणं दोन्हीकडे लागतंच.

जुन्या मशीनचा खर्चही दोन्हीकडे सारखाच. नुसता आरएस-232 (जुना सिरियल) पोर्ट असेल, तर मोटरच्या केबलवर सीटी (करंट मोजणारी कडी) बसवा आणि टॉवर लॅम्पवरून (मशीनवरच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून) सिग्नल घ्या. मशीन चालू की बंद, एवढं त्यातून कळतं.

एकच प्लँट आणि पूर्णवेळ आयटीचा माणूस असेल, तर मी सर्व्हर घेईन. बाकीच्यांनी मशीनजवळ पीसी आणि वर क्लाउड ठेवावा. पण सगळे पैसे एकदम गुंतवू नका. माल तुंबतो ती एकच लाइन निवडा, गुरुवारच्या सुट्टीत वायरिंग उरका आणि तीन महिने चालवा. मशीन का थांबली याची सहा-सातच बटणं द्या, मराठीत: टूल बदल, सेटिंग, माल नाही, क्रेनची वाट, तपासणी, ब्रेकडाउन. ती नावं ऑपरेटरांना विचारूनच ठरवा.