४२ इंची जुना प्लाझ्मा, पीएस४ आणि आठ महिने

दिवाळीच्या आधी ओळखीतनं एक सेकंडहँड ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही मिळाला, बेडरूममध्ये ३२ इंची एलसीडी होताच, त्यामुळे पीएस४ या गेम कन्सोलवरचा एकच गेम दोन्हीवर खेळून बघायची आयती सोय झाली. घेताना जो तो एकच सांगायचा, गेम खेळतोस ना, मग स्क्रीन जळणार बघ.

आधी चांगलं सांगतो. फिफा लावा आणि बॉल या टोकाकडनं त्या टोकाला जाऊ द्या, फरक लगेच कळतो. एलसीडी पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची तशीच धरून ठेवतो आणि आपला डोळा मात्र बॉलमागे सरकत असतो, म्हणून पळणारे खेळाडू पुसट दिसतात. प्लाझ्मात पिक्सेल स्वतःच लुकलुकतो, मागे एलसीडीसारखा दिवा (बॅकलाइट) नाही, त्यामुळे कॅमेरा फिरतानाही चेहरे नीट दिसतात. रात्रीचे सीन तर बघतच राहावं असे, माझ्या एलसीडीवर तेच राखाडी. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या भावालाही तेच रंग दिसतात.

आता बर्न-इन, म्हणजे तोच तो स्क्रीन जळण्याचा प्रकार. जीटीए ५ मध्ये डावीकडे खाली तो छोटा नकाशा कायम असतो, दोन-अडीच तास खेळून बंद केलं की त्याची सावली उरायची, पहिल्यांदा दिसली तेव्हा पोटात गोळाच आला. पण ते इमेज रिटेन्शन, म्हणजे तात्पुरती सावली, पंधरा-वीस मिनिटं पूर्ण स्क्रीनभर दुसरं काहीतरी लावलं की गेलं. खरं बर्न-इन म्हणजे एका जागचा फॉस्फर (पिक्सेलमधला उजळणारा थर) बाकीच्यांपेक्षा जास्त झिजतो, तो काही परत येत नाही. मी कॉन्ट्रास्ट बराच कमी केलेला आणि पिक्सेल ऑर्बिटर (चित्र थोडंथोडं सरकवत राहणारी सेटिंग) चालू, नकाशाचा डाग आजतागायत नाही.

डाग पडला तो बाबांच्या बातम्यांचा! रोज चार-पाच तास तोच चॅनल, खाली ब्रेकिंग न्यूजची पट्टी, कोपऱ्यात लोगो, आणि मी ऑफिसला गेलो की रिमोट घेऊन पिक्चर मोड व्हिविडवर, म्हणजे सगळ्यात भडक, कारण त्यांना "अंधुक" दिसतं. सहाव्या महिन्यात पांढऱ्या स्क्रीनवर खाली आडवा मळकट पट्टा दिसला. डाग घालवायला टीव्हीतला पांढरी पट्टी सरकवायचा ऑप्शन रात्रभर लावून बघितला, उपयोग शून्य. गेममध्ये एरवी लक्षात येत नाही, मेनू उघडला की खुपतो.

बाकी कटकटी: पॅनल १०२४ बाय ७६८ पिक्सेलचं, म्हणजे कमी बारकाव्याचं आहे, पीएस४ च्या गेममधली बारीक अक्षरं वाचायला उठून पुढे जावं लागतं. उन्हाळ्यात हा माणूस खोली तापवतो, पंखा एक नंबरने वाढवावा लागतो. दुपारी काचेत खिडकी दिसते. वजन एवढं की दोघांशिवाय हलत नाही, आणि आडवा झोपवून न्यायचा नाही हे टेम्पोवाल्याला तीनदा सांगावं लागलं.

नवा घ्यायचा तर प्रश्नच नाही, पायोनियरने आधीच हात काढलेले, पॅनासोनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा बंद करतोय म्हणून जाहीर केलं, पुढच्या वर्षी सॅमसंग-एलजीनेही गुंडाळलं. म्हणजे पॅनल गेलं की संपलं. दिवसा खेळणारे, घरात न्यूज चॅनल चालू असणारे असाल तर सरळ गेम मोडवाला (बटण दाबल्यावर चित्र कमी उशिराने दाखवणारा) एलसीडी घ्या, त्यावरही सावली कधीतरी राहते पण बहुतेक वेळा जाते. रात्री एकट्याने खेळणाऱ्याला स्वस्तात मिळाला तर घ्यावा, आधी पूर्ण पांढरी स्क्रीन लावून बघून.

आता बाबांना एलसीडी दिलाय. ३२ इंचात पट्टी वाचता येत नाही म्हणून रोज बोलणी खातोय.