घरगट की रविवारचा वर्ग?

मालवणहून एका वाचकाने विचारलंय: चर्चची मंडळी लहान आहे, नव्या विश्वासणाऱ्यांना शिष्यत्वाचं (येशूच्या मागे चालण्याचं) शिक्षण द्यायचं, तर घरगट (कुणाच्या तरी घरी जमणारे छोटे गट) चालवावेत की उपासनेनंतर चर्चमध्येच वर्ग घ्यावा?

खर्च दोन्हीकडे नगण्य. घरगटात चहा-खारी, बस्स.

खरा फरक वेळेचा. मासेमारी करणाऱ्या घरातला माणूस रविवारी सकाळी हजर असेलच असं नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात तो मोकळा असतो, पण धो-धो पावसात चर्च गाठणं नको होतं. शेजारच्या पडवीत मात्र तो येतो. वर्गाचं बळ शिकवणुकीत. पाळक समोर असले की वचनाचा अर्थ भरकटत नाही. घरगटात कधी कधी अर्धा तास गजालीतच जातो (आमच्यात तरी जातो!).

पण सेवा? बायबलमध्ये इफिसकरांस ४:१२ मध्ये पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करण्याची गोष्ट आहे. वर्गात एक बोलतो, बाकीचे ऐकतात. घरगटात कुणी प्रार्थना चालवते, कुणी आजाऱ्याला भेटून येते.

बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी वर्ग. पाया पक्का असलेल्या, पण मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी घरगट. पुढारी मात्र आधी पाळकांकडून तयार झालेला हवा.