पीप्सची डायरी : फुकटची, छोटी की अकरा खंडांची?

आधी उच्चार. नाव 'पेपिस' नाही, 'पीप्स'. सॅम्युअल पीप्स हा लंडनच्या आरमार कचेरीतला अधिकारी. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ अशी जवळजवळ साडेनऊ वर्षं त्यानं रोजनिशी लिहिली, सुमारे साडेबारा लाख शब्द. गाजली ती १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची आग यांच्यामुळे. पण ही दोन्ही वर्णनं कुठल्याही निवडक आवृत्तीत मिळतात. जास्तीचे पैसे मोजायचे ते बाकीच्यासाठी : धुणं, होडी, भेसळ, तुंबलेला संडास.

१६ जानेवारी १६६० ची नोंद बघा. रात्री तो लिहीत बसलाय आणि नेमकं हेच वाक्य लिहिताना गस्तवाला खिडकीखालून घंटा वाजवत ओरडतो : एक वाजून गेला, थंडी, दहिवर, वारा! पीप्स झोपायला जातो. बायको आणि मोलकरीण मात्र अजून कपडे धूतच आहेत. रात्रीचा एक, जानेवारीचं पाणी आणि तुंबलेलं धुणं, सगळं चार ओळींत. त्याआधी दहा दिवस नातेवाइकाकडे हरणाच्या मांसाची म्हणून जी 'पाई' (मांस भरून भाजलेला कणकेचा पदार्थ) वाढली, ती सरळसरळ गोमांसाची निघाली. ऑक्टोबरात तळघरात उतरला तर पाय विष्ठेच्या ढिगात, कारण शेजाऱ्याचा संडास भरून इकडे वाहत होता. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेतून वाचल्याची मेजवानी तो दरवर्षी देई. ४ एप्रिल १६६३ च्या मेजवानीत ससा-कोंबडीची फ्रिकासी (रश्श्यातलं मांस), उकडलेली मेंढ्याची तंगडी, तीन कार्प मासे, कोकराची अख्खी बाजू, भाजलेली कबुतरं, चार शेवंडी, तीन टार्ट, लॅम्प्री माशाची पाई, अँचोवी मासे. आणि हे सगळं रांधणारी मोलकरीण एकच!

आता आवृत्त्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतो तो हेन्री व्हीटलीचा १८९३ पासून छापला गेलेला मजकूर. शब्द टाकून शोधता येतो, ही त्याची मोठी सोय. पण स्पेलिंग जुनं धरावं लागतं. २५ सप्टेंबर १६६० ला पीप्स पहिल्यांदा चहा प्यायला. तो शब्द 'टी-ई-ई' असा आहे, आजच्या स्पेलिंगनं शोधलात तर नोंद हाती लागणार नाही. दुसरी अडचण गाळलेल्या जागांची. छापण्यालायक नाही असं वाटलं तिथे व्हीटलीनं टिंबं दिलीत. मोलकरणींशी आणि इतर बायकांशी पीप्स कसा वागला, ते नेमकं या टिंबांत गेलं.

रॉबर्ट लेथम आणि विल्यम मॅथ्यूज यांची आवृत्ती (१९७० ते १९८३) पूर्ण आहे. नऊ खंड मजकुराचे, दहावा सोबतीचा, अकरावा सूचीचा. मूळ डायरी थॉमस शेल्टनच्या शॉर्टहँडमध्ये, म्हणजे लघुलिपीत आहे. त्यात पुढचं व्यंजन कुठे ठेवलंय त्यावरून मधला स्वर ओळखायचा. विशेषनामं मात्र बहुतेक साध्या अक्षरांत. म्हणून या आवृत्तीत शॉर्टहँडमधला मजकूर आजच्या स्पेलिंगनं आणि साध्या अक्षरांतले शब्द पीप्सच्याच स्पेलिंगनं छापलेत. सुरुवातीला हे विचित्र दिसतं, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षं जॉन स्मिथनं ही लिपी पहिल्यांदा उलगडत काढली. लिपीची किल्ली, म्हणजे शेल्टनचं पुस्तक, पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

लेथमनंच केलेली छोटी एकखंडी आवृत्ती साधारण एक-तृतीयांश आहे. प्रवासात ठीक. पण निवड म्हटली की घटना राहतात आणि रोजचं तेच ते जातं. शहर तर त्या तेच-तेमध्येच असतं. पीप्स कितीदा होडीनं गेला, पुलाच्या कमानीखालची पाण्याची जोरदार ओढ टाळायला कुठे उतरून पलीकडे चालत गेला, हे दहादा वाचल्यावर थेम्स हाच तिथला हमरस्ता होता हे डोक्यात बसतं. सगळे खंड परवडत नसतील तर पहिला (१६६०), सहावा (१६६५) आणि दहावा घ्या. दहाव्यात खाणं, नाणी, प्लेग, नाटकगृहं, माणसं, जागा यांच्यावर वर्णानुक्रमे टिपणं आहेत. तो नसेल तर 'माय लॉर्ड' म्हणजे पीप्सचा नातलग आणि आश्रयदाता एडवर्ड माँटेग्यू, हे शोधण्यात आठवडा जाईल.

हमखास चुकतं ते असं. 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण. 'हाउस ऑफ ऑफिस' म्हणजे कचेरी नव्हे, संडास. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आणे-पैचा हिशेब ऐकलेल्याला जड नाही. इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी ते मार्चच्या नोंदींवर १६५९/६० असं जोडवर्ष दिसतं. तारखा आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे आहेत. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा त्याच जुन्या मोजणीतली, तेव्हा दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवताना काही वजाबाकी करू नका.

आकड्यांबाबत पीप्स स्वतःच सावध आहे. ३१ ऑगस्ट १६६५ ला तो आठवड्याचे मृत्यू ७,४९६ आणि त्यांत प्लेगचे ६,१०२ असे उतरवतो. लगेच पुढे लिहितो की त्या आठवड्यातल्या एकूण मृतांचा खरा आकडा १०,००० च्या आसपास असावा अशी भीती आहे. गरिबांची मोजदाद होत नाही आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोक आपल्या मृतांसाठी घंटा वाजवू देत नाहीत. गरिबांबद्दल तो असाच ओझरता बोलतो. त्याच्या पोऱ्याला छडी बसली हे डायरीत आहे, पोऱ्या काय म्हणाला ते नाही.

सूचीचा खंड हाती आला की मुंबई काढून बघा. १५ मे १६६३ ला पीप्स कुरकुरतो : पोर्तुगीजांनी आपल्याला मुंबई बेटाच्या बाबतीत टोपी घातली, एवढा खर्च करून आरमार पाठवलं तरी त्यांचा गव्हर्नर बेट देत नाही, आणि आता आपल्या पोर्तुगीज राणीला ते भोवेल अशी भीती वाटते.