सिप्रो की अझिथ्रो?

साध्या जुलाबाला ओआरएस पुरतं. शौचातून रक्त, जोडीला ताप असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक लिहितात. अझिथ्रोमायसिन सहसा दिवसातून एकदा, सिप्रोफ्लॉक्सासिन दोनदा.

सिप्रोची खरी कटकट पथ्याची. नुसत्या दूध-दह्यासोबत ती घ्यायची नाही. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. अँटासिड, लोह, झिंक यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. म्हणजे जळगावकडे पोट बिघडलं की हमखास पुढे येणारा ताकाचा ग्लास गोळीच्या वेळी बाजूला! शिवाय उन्हात कातडी भाजते. रावेर-यावलला शेतात राबणाऱ्यांनी जपावं. टाचेमागची शीर दुखली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना विचारा.

अझिथ्रोला ताक चालतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मात्र आधी सांगा. माझा कौल अझिथ्रोला. आपल्याकडचे बरेच जंतू आता सिप्रोला जुमानत नाहीत. चिठ्ठी अर्थात डॉक्टरांचीच.