ड्राय टॉर्टुगास: एका दिवसात परत यायचं की रात्री तंबू टाकायचा?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या की वेस्टपर्यंत गेलात तर समुद्रातून पुढचे ७० मैल जाऊन ड्राय टॉर्टुगास ही बेटं नक्की बघा. सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) महाग पडतं आणि कॅम्पिंगवाल्यांना त्यातून जाताही येत नाही, म्हणजे बहुतेकांसाठी प्रश्न एकच, फेरीबोटीने जाऊन त्याच दिवशी परतायचं की मुक्काम करायचा. मी वेगवेगळ्या वर्षी दोन्ही केलंय.

डे ट्रिप सुटसुटीत आहे. जेवण, टॉयलेट, स्नॉर्कलचं (पाण्यात डोकं घालून खालचं बघायचं) सामान सगळं बोटीवरच, त्यामुळे सोबत लहान मुलं किंवा आईबाबा असतील तर बहुधा तेच बरं. पण बेटावर मिळतात जेमतेम चार तास. तिथला किल्ला, फोर्ट जेफरसन, सुमारे १ कोटी ६० लाख विटांचा, १८४६ ला काम सुरू झालं ते शेवटपर्यंत अपुरंच राहिलं. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या मारेकऱ्याचा मोडलेला पाय बसवून देणारा डॉक्टर मड जिथे कैदेत होता ती कोठडी बघितली, वरच्या मजल्यावरून चक्कर मारली, तेवढ्यात दीड तास गेला.

मग पाण्यात उतरलो तर अख्खी बोट त्याच किनाऱ्यावर, सगळ्यांच्या पायांनी वाळू ढवळलेली, पाणी अगदी ताकासारखं झालेलं. एवढ्या लांब येऊन मला फक्त पुढच्या माणसाचे फ्लिपर दिसले, आणि जरा निवळतंय म्हणेपर्यंत परतायची वेळ झाली. हे मला फार लागलं.

मुक्कामाला गेलो तेव्हा दुपारी बोट गेली आणि थोड्या वेळाने तेच पाणी नितळ! जहाजांत कोळसा भरायच्या जुन्या धक्क्याचे खांब उरलेत ना, त्यांच्या सावलीत हातभर लांबीचे टारपन मासे जागच्या जागी तरंगत होते आणि खंदकाच्या भिंतीवर जांभळे सी फॅन (पंख्यासारखी प्रवाळं) लाटेबरोबर डुलत होते. मी एकटाच होतो तिथे.

त्रास आहेच. नावातच ड्राय, गोडं पाणी नाही. किल्ला बांधताना पावसाच्या पाण्याच्या टाक्या केल्या होत्या, पण पाया खचला, तडे गेले, खारं पाणी आत शिरलं. त्यामुळे माणशी दिवसाला चारेक लिटर पाणी आपणच न्यायचं. स्वयंपाकाचा गॅस फेरीबोटीवर चालत नाही, कोळसा चालतो. उंदीर आहेत, खाणं टणक डब्यातच ठेवा. एप्रिलमध्ये शेजारच्या बुश की बेटावर सूटी टर्न हे समुद्रपक्षी घरटी करतात, रात्रभर कलकलाट असतो, मला तो आवडला, तुम्हाला कदाचित झोप लागणार नाही.

कॅम्पिंगच्या जागा मोजक्याच, फेरीबोटीचं बुकिंग खूप आधी करा. आणि डे ट्रिपच जमत असेल तर उतरल्या उतरल्या आधी पाण्यात जा, किल्ला नंतर बघा.